नावाआधीची अक्षरे

१५ फेब्रुवारी १९४५ रोजी लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून दोन हजार फूट उंचीवर, एक 'जहाज' नौदलात दाखल झाले. त्याला शीड नव्हते, सुकाणू नव्हते, तळाशी पाणीही नव्हते. इंजिनखात्यातले खलाशी तयार करणारी ती एक शाळा होती. नाव ठेवले 'एचएमआयएस शिवाजी'. अक्षरे सोडवून वाचली तर 'हिज मॅजेस्टीज इंडियन शिप शिवाजी', म्हणजे इंग्लंडच्या राजाचे शिवाजी नावाचे हिंदी जहाज. ज्या छत्रपतींनी १६७९ मध्ये मुंबईकर इंग्रजांच्या नाकावर टिच्चून खांदेरीचे काम काढले, त्यांच्या नावाआधी सहाव्या जॉर्जची मालकी लागलेली वाचताना आज अडखळायला होते. पाच वर्षांनी, २६ जानेवारी १९५० रोजी, शाळा तीच राहिली, नाव तेच राहिले. आधीची चार अक्षरे गेली आणि तीन आली: आयएनएस, इंडियन नेव्हल शिप.

हे पुस्तक भारतीय युद्धनौकांच्या नावांचे आहे. नद्या, डोंगर, शहरे, शस्त्रे, जुने आरमारी सेनानी अशी ही नावे आहेत आणि प्रत्येकामागे काही ना काही कहाणी आहे. नाव ठेवताना हौसेला, राजकारणाला, प्रांताच्या अभिमानाला जागा मिळते. नावाआधीच्या अक्षरांत मात्र हौस चालत नाही. हे जहाज कोणाचे, कोणाच्या हुकमाने चालते आणि त्याने तोफ डागली तर जबाब कोणी द्यायचा, एवढेच ती सांगतात. वाचक बहुधा ती न वाचताच पुढच्या नावाकडे जातो. म्हणून मूळ मजकुराआधी थोडा वेळ या अक्षरांपाशी थांबावे, असे मला वाटले.

समुद्रावर हत्यारबंद जहाज दिसले की पहिला प्रश्न पूर्वापार एकच असतो: हे कोणाचे? उत्तर एखाद्या राज्याचे नाव असेल तर ती युद्धनौका, नसेल तर चाचे. तोफा दोघांकडेही असतात. फरक करतो तो अधिकार, आणि तो अधिकार समोरच्याला मान्य आहे की नाही हा खरा वादाचा मुद्दा. कान्होजी आंग्रे यांचे सगळे आयुष्य या वादात गेले. ते छत्रपतींचे सरखेल होते, दस्तक न घेता कोकणच्या पाण्यातून जाणारे जहाज अडवण्याचा हक्क आपल्याला आहे असे ते मानत. मुंबईच्या इंग्रजांना तो हक्क मान्य नव्हता, म्हणून त्यांच्या कागदांत आंग्रे म्हणजे 'पायरेट'. पण ईस्ट इंडिया कंपनीची जहाजेही परवाने विकत आणि माल जप्त करत. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागेवर चालून आले. त्या वेळी कंपनीच्या गलबतांबरोबर इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजे घेऊन कमोडोर मॅथ्यूज आला होता. राजाची, कंपनीची आणि पोर्तुगालची अशा तिन्ही सत्तांची जहाजे एकाच किनाऱ्यासमोर उभी राहिली आणि कुलाब्याचा किल्ला काही हाती लागला नाही. तिघांपैकी कोणालाच आपण चाचे आहोत असे वाटत नव्हते, कारण तिघांकडेही कागद होता. आंग्र्यांकडेही होता. तो मोडी लिपीत होता, इतकेच.

आजचा सागरी कायदा हा प्रश्न कोरडेपणाने सोडवतो. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात युद्धनौकेची व्याख्या आहे. ती देशाच्या सशस्त्र दलांची असावी, देशाची ओळख पटेल अशा खुणा बाहेरून दिसाव्यात, सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हाताखाली असावी आणि तिच्यावरचे लोक लष्करी शिस्तीने बांधलेले असावेत. नावाआधी अमुक अक्षरे असावीत असे त्यात कुठेही नाही. अक्षरे ही प्रत्येक देशाची आपापली रीत. पण ही चारही लक्षणे पुरी झाली आहेत हे एका दमात सांगायची ती सोय आहे, आणि म्हणूनच ती केव्हा लागतात याचे नियम कडक आहेत.

लग्नपत्रिकेतल्या चि., श्री., कै. या अक्षरांसारखेच हे आहे. माणूस तोच, पण कोणत्या टप्प्यावर कोणते अक्षर लागते यात चूक झाली तर घरात गहजब होतो. माझगाव डॉकमध्ये विनाशिका बांधली जात असते तेव्हा तिला आयएनएस म्हणत नाहीत. तिला यार्ड क्रमांक असतो. 'विशाखापट्टणम'चा १२७०४ होता, 'मुरगाव'चा १२७०५. जलावतरणाच्या वेळी पाहुण्यांच्या पत्नी नारळ फोडतात, नाव जाहीर होते, तरीही आयएनएस नाही. 'मुरगाव' १९ डिसेंबर २०२१ रोजी, गोवा मुक्तीच्या हीरक महोत्सवाच्या दिवशी, पहिल्यांदा समुद्रचाचणीला निघाली तेव्हा ती स्वतःच्या यंत्रांवर चालत होती, पण नौदलाची झालेली नव्हती. तो मान तिला १८ डिसेंबर २०२२ रोजी मिळाला. त्या दिवशी कप्तान नियुक्तीचा हुकूम वाचून दाखवतो, राष्ट्रगीत होते, मागच्या बाजूला नौदलाचा ध्वज आणि डोलकाठीवर निमुळती लांबट पताका चढते. तिथून आयएनएस सुरू. निवृत्तीच्या दिवशी सूर्यास्ताला ध्वज आणि पताका उतरते, तिथे आयएनएस संपते. वर्तमानपत्रे हे पाळत नाहीत. गोदीतला अर्धा सांगाडाही आयएनएस आणि अलंगला तोडायला नेलेली 'विराट'ही आयएनएस. 'विक्रांत'च्या बाबतीत नौदलाने स्वतःच वेगळी वाट काढली होती. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती सेवेतून गेली, मुंबईत संग्रहालय झाली आणि तिच्या नावाआधी 'आयएमएस' लागले, इंडियन म्युझियम शिप. मुंबईच्या शाळांतल्या एका पिढीने तिला याच अवतारात पाहिले.

ही रीत इंग्रजांकडून आली हे उघड आहे. तिथेही ती एका दिवसात ठरली नाही. जहाज राजाचे, हे गृहीतच असे. कागदोपत्री 'हिज मॅजेस्टीज शिप' असे पूर्ण शब्द लिहीत आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांची तीन अक्षरे झाली. राजा जाऊन राणी आली तरी इंग्रजीत अक्षरे बदलत नाहीत, हिज आणि हर दोन्हीचे आद्याक्षर एकच. डचांची मात्र पंचाईत होते. २०१३ मध्ये बेआट्रिक्स राणीनंतर विलेम-अलेक्झांडर गादीवर आले आणि त्यांच्या सगळ्या युद्धनौकांची आद्याक्षरे बदलावी लागली.

अमेरिकेने राजा झुगारला, पण अक्षरांचा सोस ठेवला. शंभरेक वर्षे तिथे गोंधळच होता. कोणी फ्रिगेट म्हणून लिही, कोणी स्टीमर, कोणी फ्लॅगशिप. शेवटी ८ जानेवारी १९०७ रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हुकूम काढला: सेवेत असलेल्या नौकेच्या नावाआधी 'युनायटेड स्टेट्स शिप' किंवा यूएसएस लागेल, दुसरे काहीही लागणार नाही. कैसरच्या जर्मनीत 'एसएमएस' होते. सप्टेंबर १९१४ मध्ये मद्रासवर तोफा डागणारी 'एम्डेन' ही एसएमएस एम्डेन. आजच्या तरुण वाचकाने त्यावरून मोबाइलची आठवण काढली तर दोष त्याचा नाही. कैसर गेल्यावर जर्मनीने अधिकृत अक्षरे लावणे सोडून दिले. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन जहाजांपुढे 'केएमएस' आणि जपानी जहाजांपुढे 'आयजेएन' लिहिलेले सापडते, ती नंतरच्या इंग्रजी लेखकांची कृपा. फ्रेंच आणि रशियन नौदलेही आपापल्या भाषेत अक्षरांवाचून सुखाने नांदतात. ही अक्षरे म्हणजे सागरी जगाचा सनातन नियम आहे असे समजायचे कारण नाही. इंग्रजांचा हात जिथे फिरला तिथे ती अधिक घट्ट रुजली, एवढे खरे.

मुंबईत तो हात चांगलाच फिरला. पश्चिम किनाऱ्यावरच्या कंपनीच्या आरमाराने इतक्या वेळा नाव बदलले की इतिहासाचा अभ्यासकही चक्रावतो: बॉम्बे मरीन, १८३० पासून इंडियन नेव्ही, १८६३ मध्ये पुन्हा बॉम्बे मरीन, १८७७ मध्ये इंडियन मरीन, १८९२ मध्ये रॉयल इंडियन मरीन, २ ऑक्टोबर १९३४ रोजी रॉयल इंडियन नेव्ही. प्रत्येक बदल लंडन-कलकत्त्याच्या कचेऱ्यांतल्या खर्चाच्या आणि हुद्द्यांच्या भांडणातून आला आणि मुंबईच्या गोदीत त्याचा परिणाम म्हणून अक्षरे बदलली. कंपनीच्या जहाजांना 'एचसीएस' लागे, म्हणजे ऑनरेबल कंपनीज शिप. २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझकडे निघालेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट याच अक्षरांची. एका व्यापारी मंडळाने आपल्या लढाऊ जहाजांच्या नावाआधी राजासारखी स्वतःची मालकी मिरवावी, हे पुन्हा कुठे अशा थाटात घडले असेल असे वाटत नाही. 'ऑनरेबल' हा शब्द तर कंपनीच्या बाबतीत विनोदच म्हणायचा.

त्याच गोदीत वाडिया मिस्त्री सागवानाची जहाजे राजाच्या नौदलासाठीही बांधत होते. १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली 'एचएमएस त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. नानकिंगचा तह १८४२ मध्ये ज्या 'एचएमएस कॉर्नवॉलिस'वर झाला तीही मुंबईचीच. लाकूड मलबारचे, हात पारशी आणि गुजराती सुतारांचे, अक्षरे लंडनची. दमणला तर असेच एक जहाज पोर्तुगिजांसाठी झाले. १८४३ मधले 'दों फर्नांदो सेगुंदो इ ग्लोरिया' आता लिस्बनजवळ संग्रहालय म्हणून उभे आहे.

रॉयल इंडियन मरीनच्या काळातली 'आरआयएमएस' ही अक्षरे आता कोणाच्या लक्षात नाहीत, पण त्यातले एक जहाज मुंबईकरांच्या तोंडी बसले. सैनिक वाहून नेणारी 'डफरीन' १९२७ पासून माझगावच्या धक्क्यासमोर नांगरून व्यापारी जहाजांवरच्या तरुण अधिकाऱ्यांची शाळा झाली आणि तिची अक्षरे 'टीएस' झाली, ट्रेनिंग शिप. पुढे 'टीएस राजेंद्र' आली, मग नेरुळजवळच्या करावेला 'टीएस चाणक्य'. ती जमिनीवर आहे, आणि तरीही अक्षरे जहाजाचीच.

१९३४ नंतर 'एचएमआयएस' आले. हिंदुस्थानला स्वतंत्र अक्षर मिळाले, पण ते राजाच्या आणि जहाजाच्या मध्ये चेपलेले. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'एचएमआयएस तलवार' या संदेशवहन शाळेतल्या खलाशांनी निकृष्ट जेवणावरून आणि अपमानावरून संप पुकारला आणि दोन-तीन दिवसांत तो गोदीतल्या जहाजांपासून कराचीपर्यंत पोचला. त्यांनी जहाजांवरचे युनियन जॅक उतरवून काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्टांचे झेंडे चढवले आणि आपल्या नौदलाला 'इंडियन नॅशनल नेव्ही' म्हणवले. संपाच्या मागण्यांत पगार, अन्न, सुटका असे सगळे होते. पण 'रॉयल' हा शब्द काढून 'नॅशनल' घालणे हे माझ्या मते त्या पाच दिवसांतले सर्वांत स्पष्ट राजकीय विधान होते. सरकारला नुसते 'रॉयल' काढायला आणखी चार वर्षे लागली.

चार वर्षे, कारण १५ ऑगस्ट १९४७ ला अक्षरे बदलली नाहीत. देश स्वतंत्र झाला तरी राजा नावापुरता राजाच होता. फाळणीत जहाजांचीही वाटणी झाली. 'गोदावरी' आणि 'नर्बदा' पाकिस्तानकडे गेल्या आणि तिथे त्यांची नावेच बदलून 'सिंध' आणि 'झेलम' झाली. इकडे ५ जुलै १९४८ रोजी भारताने ब्रिटनकडून घेतलेली क्रूझर नौदलात आली ती 'एचएमआयएस दिल्ली' म्हणून. या एका जहाजाचा जन्मपट पाहिला तर अक्षरांचा सगळा इतिहास समजतो. १९३३ मध्ये ती 'एचएमएस अकिलीस' होती. डिसेंबर १९३९ मध्ये दक्षिण अमेरिकेजवळ तिने आणखी दोन क्रूझरांबरोबर जर्मन 'ग्राफ श्पे'ला जेरीस आणले. तेव्हा तिच्यावर न्यूझीलंडचे खलाशी होते, पण न्यूझीलंडचे नौदल अजून स्वतंत्र झाले नव्हते. १९४१ मध्ये ते झाले आणि ती 'एचएमएनझेडएस' झाली. १९४६ मध्ये ब्रिटनला परत गेली तेव्हा पुन्हा 'एचएमएस', दोन वर्षांनी 'एचएमआयएस' आणि १९५० मध्ये 'आयएनएस'. पोलाद तेच, तोफा त्याच. १९५६ मध्ये त्या लढाईवर इंग्रजी चित्रपट निघाला तेव्हा अकिलीसची भूमिका करायला खरी अकिलीस उपलब्ध होती, फक्त ती आता भारताची होती! १९५० मध्ये पंडित नेहरू इंडोनेशियाला गेले ते याच 'दिल्ली'वरून. १९७८ मध्ये ती निवृत्त झाली आणि तिचा एक तोफमनोरा ऑकलंडच्या नौदल तळावर गेला.

प्रजासत्ताक दिनाला अक्षरांतून राजा गेला, पण नौदलाच्या ध्वजावरचा सेंट जॉर्जचा लाल क्रूस राहिला. २००१ ते २००४ ही मधली वर्षे सोडली तर तो २ सप्टेंबर २०२२ पर्यंत फडकत होता. त्या दिवशी नवी 'विक्रांत' कोचीला सेवेत आली आणि ध्वजावर शिवछत्रपतींच्या मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. अक्षरे आणि ध्वज यांच्यात बहात्तर वर्षांचे अंतर पडले, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते.

गोव्याच्या वाचकांना आणखी तीन अक्षरे ओळखीची असतील: एनआरपी, पोर्तुगीज प्रजासत्ताकाची नौका. १९१० मध्ये लिस्बनमधली राजेशाही गेली. त्यामुळे १८ डिसेंबर १९६१ रोजी मुरगावच्या बंदरात 'आयएनएस बेतवा' आणि 'आयएनएस बियास' यांच्यासमोर उभी राहिलेली 'आफोंसो द आल्बुकेर्क' ही कागदोपत्री एका प्रजासत्ताकाची नौका होती. दोन प्रजासत्ताकांच्या नौका साम्राज्याच्या उरल्यासुरल्या तुकड्यासाठी भिडल्या. मार खाल्लेली आल्बुकेर्क बांबोळीकडच्या किनाऱ्याला लागली. त्याच वेळी दीवसमोर तोफा डागत होती आपली 'दिल्ली', जुनी अकिलीस.

आयएनएस ही अक्षरे एकट्या भारताची नाहीत हेही सांगितले पाहिजे. इस्रायलच्या युद्धनौकांना इंग्रजीत हीच तीन अक्षरे लागतात. ऑक्टोबर १९६७ मध्ये इजिप्तच्या क्षेपणास्त्र नौकांनी 'आयएनएस ऐलात' बुडवली, आणि त्याच जातीची सोव्हिएत क्षेपणास्त्रे घेऊन ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' कराचीवर गेल्या. जुने इंग्रजी अंक चाळताना हा घोळ ध्यानात ठेवावा.

आता जमिनीवरच्या जहाजांकडे येतो, कारण महाराष्ट्र आणि गोव्यात समुद्रातल्यांपेक्षा हीच लोकांच्या अधिक ओळखीची आहेत. मालाडच्या मार्व्याला 'हमला', मानखुर्दला 'तानाजी', कुलाब्याला 'अश्विनी' हे इस्पितळ. पहिल्या दोघांच्या आधी आयएनएस आहे, 'अश्विनी'च्या आधी आयएनएचएस, म्हणजे इस्पितळ-जहाज. इंग्रजी नौदलाचा शिस्तीचा कायदा फक्त जहाजाच्या हजेरीपटावर नाव असलेल्या माणसाला लागू होई. मग किनाऱ्यावरच्या बराकीतल्या खलाशाने आगळीक केली तर त्याला धरायचे कसे? उपाय असा काढला की बराकीलाच जहाज म्हणायचे आणि हजेरीपट तिच्या नावाने ठेवायचा. इंग्रजांनी १८०४ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या डायमंड रॉक नावाच्या खडकालाच तोफा चढवून जहाज म्हणून नोंदले होते, तिथपासून ही युक्ती चालत आली. कायद्याची ती गरज आता उरली नाही, सवय मात्र पक्की राहिली. म्हणून दाबोळीच्या विमानतळावर उतरणारा पर्यटक खरे तर 'आयएनएस हंस'च्या धावपट्टीवर उतरतो, आणि 'अश्विनी'त भरती झालेला रुग्ण कागदोपत्री जहाजावर असतो.

यात सगळ्यांत अर्थपूर्ण ठिकाण मुंबईच्या फोर्टमध्ये आहे. कंपनीचा जुना किल्ला, बॉम्बे कॅसल, जिथून कान्होजींविरुद्धच्या मोहिमांचे बेत आखले गेले, तिथे दुसऱ्या महायुद्धात 'एचएमआयएस डलहौसी' नावाचा तळ होता. सप्टेंबर १९५१ मध्ये त्याचे नाव 'आयएनएस आंग्रे' झाले. ज्यांच्या कागदाला या किल्ल्यातल्या लोकांनी कधी कागद मानले नाही, त्यांचे नाव देशाच्या अधिकृत अक्षरांसह त्याच दारावर लागले. नामकरणाच्या सरकारी निर्णयांत इतका नेमका निर्णय मी दुसरा पाहिलेला नाही.

व्यापारी जहाजांची अक्षरे हा या पुस्तकाचा विषय नाही, पण दोन गोष्टी सांगून टाकतो. 'एसएस' म्हणजे मुळात स्क्रू स्टीमर, चाकांऐवजी पंख्यावर चालणारी आगबोट. पुढे लोक त्याचा अर्थ स्टीम शिप असा करू लागले. तिथे अक्षरे यंत्राची जात सांगतात, मालक सांगत नाहीत. मालक सांगायला कंपन्या नावाचाच आधार घेत. सिंधिया कंपनीच्या 'जलउषा'सारख्या नावांतला 'जल' हा त्यातलाच प्रकार. दुसरी गोष्ट अशी की कोकणी माणसाने ही अक्षरे कधी तोंडात घेतली नाहीत. १७ जुलै १९४७ रोजी रेवसच्या वाटेवर बुडालेली, सहाशेहून अधिक माणसांना घेऊन गेलेली, ती आमच्याकडे 'रामदास बोट'. जात आधी न लावता नंतर लावायची ही आपली पद्धत.

नौदलात हल्ली एक नवे अक्षर भर घालते आहे: आयएनएसव्ही, म्हणजे शिडाची नौका. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, 'तारिणी'वरून सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये जग फिरून आल्या, आणि दोराने फळ्या शिवून केलेली 'कौंडिण्य' मे २०२५ मध्ये कारवारला दाखल झाली. या नौकांचे प्रकरण शेवटी दिले आहे आणि ते घाईने वाचू नये अशी विनंती आहे.

पुढील पानांत प्रत्येक नौकेच्या नावाआधी त्या त्या प्रसंगी जी अक्षरे लागू होती तीच छापली आहेत. म्हणून 'दिल्ली' एका पानावर एचएमआयएस आणि पुढच्या पानावर आयएनएस दिसेल. बांधकामात असलेल्या आणि निवृत्त झालेल्या नौकांना अक्षरे लावलेली नाहीत. कैसरनंतरच्या जर्मन, तसेच जपानी, फ्रेंच आणि रशियन नौकांची नावे उघडी आहेत, ती छापण्यात राहिली असे वाचकांनी समजू नये.